पोर्शे ९११ दारात आल्यानंतरचे पहिले वर्ष

गेल्या महिन्यात माझ्या एका स्नेह्यांच्या मुलाचा नाशिकहून फोन आला. "काका, गाडी मिळाली. आता काय काय सांभाळायचं ते सांगा." त्याने घेतलेली गाडी म्हणजे पोर्शे ९११, आणि तीही माझ्याकडे आहे त्याच पिढीची, कंपनीच्या भाषेत ९९१. आम्ही तासभर बोललो, तरी फोन ठेवल्यावर लक्षात आले की अर्ध्याहून अधिक गोष्टी सांगायच्या राहूनच गेल्या. म्हणून त्याला जे सांगितले आणि जे सांगायचे राहिले, ते सगळे येथे सविस्तर लिहीत आहे. ज्यांच्या दारात अशी गाडी पहिल्यांदाच आली आहे, त्या सर्वांना त्याचा उपयोग व्हावा, अशी मनापासून इच्छा आहे.

माझी गाडी २०१३ सालची कॅरेरा एस आहे. मागच्या आसाच्याही मागे बसवलेले ३.८ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, ४०० अश्वशक्ती आणि सात गिअरची पीडीके स्वयंचलित गिअरपेटी. चार वर्षांपूर्वी मी ती दुसऱ्या मालकाच्या नात्याने घेतली. भोसरीत माझा यंत्रभागांचा लहान कारखाना असल्यामुळे हत्यारांची आणि मोजमापाची सवय हाताला आहे, आणि या गाडीच्या बाबतीत ती सवय फार कामाला आली. या चार वर्षांत गाडीवर जे जे प्रसंग आले, त्यांतला एकही ताशी ४० किलोमीटरच्या वरचा नाही. ती घसरली ती चौकात वळताना, घासली ती सोसायटीच्या फाटकात, बंद पडली ती उभ्या जागी. नवा मालक बहुधा वेगाची धास्ती मनात घेऊन बसतो. या गाड्यांचे खरे नुकसान मात्र सकाळच्या पहिल्या दहा मिनिटांत, पार्किंगमध्ये आणि म्हाताऱ्या झालेल्या टायरवर होते. म्हणून मी मुख्यतः तेवढ्याबद्दलच लिहिणार आहे.

सुरुवात टायरपासून करतो. मी गाडी घेतली तेव्हा ती जेमतेम १४,००० किलोमीटर चाललेली होती आणि टायरची नक्षी जवळजवळ पूर्ण शिल्लक होती. विकणाऱ्यांनी खाचेत नाणे घालून मला ते दाखवलेही, आणि मी समाधानाने मान डोलावली. जूनमधला पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी औंधहून घरी येताना एका चौकात मी ताशी तीसच्या आसपास वळत होतो. ॲक्सिलरेटरवरचा पाय अगदी हलका होता. तरीही बसल्या जागी खालचा पाट कोणी ओढून घ्यावा तसा गाडीचा मागचा भाग बाहेर सरकला, समोर पिवळा दिवा दोनदा लुकलुकला, आणि स्थिरता राखणाऱ्या यंत्रणेने, म्हणजे पीएसएमने, आपणहून ब्रेक लावून गाडी सरळ केली. सगळा प्रकार एका सेकंदाचा. घरी आल्यावर टॉर्च घेऊन मागच्या चाकापाशी गुडघ्यांवर बसलो आणि टायरच्या भिंतीवर, डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी असलेले चार आकडे वाचले. ०९१३. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे तो टायर २०१३च्या फेब्रुवारीअखेरीस तयार झालेला होता. मी आठ वर्षांच्या रबरावर पावसात गाडी चालवत होतो.

टायर वापरला नाही तरी त्याचे वय होतच असते. उन्हाने आणि हवेने रबर कडक होते, वरून ते नवे दिसते, पण ओला रस्ता धरून ठेवण्याचे बळ त्याच्यात उरत नाही. कमी चाललेल्या गाड्यांमध्ये हा धोका अधिक, कारण नक्षी शिल्लक असल्यामुळे कोणाला शंकाच येत नाही. गाडी नवी असो वा जुनी, ताबा घेतल्याच्या पहिल्याच दिवशी चारही टायरचे हे आकडे वहीत लिहून ठेवा, आणि सहा वर्षे उलटली असतील तर नक्षी कितीही असली तरी टायर बदला. बदलताना त्याच भिंतीवर एन हे अक्षर आणि त्यापुढे शून्य, एक, दोन असा आकडा आहे का ते पाहा. ती पोर्शेने त्या मॉडेलसाठी तपासून मान्य केल्याची खूण असते. पुढे एका कंपनीचे आणि मागे दुसऱ्या कंपनीचे टायर लावण्याचा मोह स्वस्ताईपायी होतो. तो टाळा. आणि नवे टायर लावल्यावर पहिले दोनशे किलोमीटर सांभाळून चालवा, कारण नव्या रबराच्या वरच्या थराची पकड सुरुवातीला कमीच असते.

हवेचे प्रमाण हा टायरइतकाच महत्त्वाचा भाग. पेट्रोलपंपावरचा मुलगा न विचारता चारही चाकांत पस्तीस भरतो, कारण दिवसभर येणाऱ्या बहुतेक गाड्यांना ते चालते. ९११ मध्ये वजनाचा मोठा भाग मागच्या चाकांवर असतो, शिवाय माझ्या गाडीचे पुढचे टायर २४५ मिलिमीटर रुंद आणि मागचे २९५, त्यामुळे पुढची आणि मागची हवा वेगळी असते आणि मागे जास्त लागते. आकडे दाराच्या चौकटीजवळच्या स्टिकरवर आणि मॅन्युअलमध्ये दिलेले असतात, आणि ते थंड टायरसाठी असतात. हजार-दोन हजार रुपयांत मिळणारा चांगला प्रेशर गेज घ्या आणि दर रविवारी सकाळी, गाडी हलवण्याआधी, स्वतः मोजा. चालवून टायर तापल्यावर आकडा वाढलेला दिसतो. तो पाहून घाबरून हवा सोडू नका.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो, कारण समृद्धी महामार्गामुळे आपल्याकडच्या गाड्यांना आता फार मोठा पल्ला सलग मिळू लागला आहे. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा हा काँक्रीटचा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि त्यावर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी, त्या तापलेल्या काँक्रीटवर, सलग दोन तास ठरलेल्या वेगाने धावणाऱ्या टायरची कसोटी लागते. उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवावी म्हणजे टायर फुटत नाही, असे सांगणारे अनुभवी चालक मला भेटले आहेत. प्रत्यक्षात हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, जास्त वाकली की जास्त तापते, आणि फुटण्याची वेळ त्यातूनच येते. हवा नेमकी ठेवा आणि दर दीड तासाने थांबून टायरवरून एक नजर फिरवा.

या गाडीत स्टेपनी नसते. पुढच्या डिकीत पंक्चर बुजवण्याच्या द्रावाची बाटली आणि लहान कॉम्प्रेसर असतो. तो द्राव भरल्यावर ताशी ८० च्या वर जायचे नसते, आणि बहुतेक वेळा तो टायर पुढे टाकूनच द्यावा लागतो. त्यामुळे चाकात साधा खिळा शिरला असेल आणि हवा हळूहळू जात असेल, तर आधी कॉम्प्रेसरने नुसती हवा भरून जवळच्या दुकानापर्यंत जाता येते का ते पाहा आणि बाटली शेवटचा उपाय म्हणून ठेवा. टोइंग व्हॅनवाल्याला फोन करताना "फ्लॅटबेडच पाठवा", म्हणजे गाडी पूर्ण वर घेणारा सपाट ट्रकच पाठवा, हे दोनदा सांगा. फळ्यांचे दोन लांब तुकडे त्याच्याकडे आहेत का, हेही विचारा, कारण नुसत्या उतारावरून चढवताना पुढचा बंपर टेकतो.

चाकांविषयी आणखी एक सांगून पुढे जातो. एका टायरच्या दुकानात माझ्या डोळ्यांदेखत कामगाराने चाकाचे बोल्ट न्यूमॅटिक गनने कडकड आवाज करीत आवळले. मी थांबवले, तर म्हणाला, "साहेब, सगळ्या मोठ्या गाड्यांना असंच करतो." माझ्या गाडीच्या बोल्टला १६० न्यूटन-मीटरचा जोर हवा, कमी नको आणि जास्तही नको. जास्त आवळले की बोल्ट ताणला जातो, आणि वाटेत कधी चाक काढायची वेळ आली तर तो हातपान्याने सुटतच नाही. त्या दिवशी मी कारखान्यातून टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराइतकेच आवळू देणारा पाना, मागवून घेतला, सगळे बोल्ट सैल करून समोर उभे राहून पुन्हा एकाआड एक आवळून घेतले, आणि तेव्हापासून तो रेंच चाकाच्या कामाला निघताना माझ्याबरोबर असतो. ज्यांच्या घरी अशी हत्यारे नाहीत त्यांनी निदान दुकानात शिरताना "टॉर्क रेंच आहे का" एवढे विचारावे. उत्तरावरून दुकानाची पारख होते.

आता इंजिनाकडे वळतो. ९११ च्या इंजिनात सात लिटरच्या आसपास ऑइल असते, म्हणजे साध्या लहान मोटारीच्या जवळपास दुप्पट. एवढे ऑइल तापायला वेळ लागतो. पाण्याचा काटा चार-पाच किलोमीटरमध्ये जागेवर येतो आणि नवा मालक समजतो की गाडी तयार झाली. त्याच वेळी शेजारच्या काट्यावर ऑइल पन्नास अंशांवरही पोहोचलेले नसते. सुदैवाने या गाडीत ऑइलच्या तापमानाचा वेगळा काटा दिलेला आहे. ऑइल ८० अंशांवर जाईपर्यंत मी इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या वर नेत नाही. माझ्या घरापासून पाषाणमार्गे महामार्गाला लागेपर्यंत साधारण वीस मिनिटे जातात आणि तेवढा वेळ त्यासाठी लागतोच. त्याचबरोबर, सकाळी गाडी सुरू करून पार्किंगमध्ये दहा मिनिटे गुरगुरत उभी ठेवण्याची सवय सोडा. थांबलेल्या जागी ऑइल फार सावकाश तापते. सुरू करा, पट्टा लावा, आरसे पाहा आणि हळू निघा. कंपनीचे मॅन्युअलही हेच सांगते.

ऑइल मोजायला ९११ मध्ये पट्टी नाही, मोजमाप पडद्यावर दिसते, आणि ते नीट यायचे तर इंजिन पुरते तापलेले व जमीन सपाट असावी लागते. उतारावर उभ्या गाडीत कमी आकडा दिसला म्हणून कोणी लिटरभर ऑइल ओतले, तर जास्तीच्या ऑइलचाही त्रास होतो. थोडे थोडे घालावे, पुन्हा मोजावे. वर्षातून एकदा ऑइल बदलायचे, मग गाडी दोन हजार किलोमीटर चाललेली असो वा वीस हजार. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत पेट्रोलचे आणि पाण्याचे अंश ऑइलमध्ये मिसळत राहतात आणि इंजिन पुरते तापले नाही तर ते उडून जात नाहीत. म्हणूनच दर पंधरा दिवसांनी निदान तासभराची एक सलग फेरी मारणे हे मी कामाचा भाग समजतो. नवी कोरी गाडी असेल तर पहिले काही हजार किलोमीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर मर्यादा असते. ती आपापल्या मॅन्युअलमध्ये पाहून काटेकोर पाळावी.

उभ्या गाडीचे प्रश्न आपल्या पावसाळ्यात विशेष जाणवतात. पहिल्याच वर्षी मी जुलैत तीन आठवडे परगावी होतो. परत आलो तर गाडी उघडेचना. किल्लीचे बटण दाबून उपयोग नव्हता. हँडलमध्ये लपलेल्या कुलपात किल्लीचे पाते घालून दार उघडले, पण बॅटरी पुढच्या झाकणाखाली, आणि ते झाकण उघडते विजेवर! अशा वेळी चालकाच्या पायांजवळच्या फ्यूजपेटीतले लाल टर्मिनल बाहेर ओढून त्याला दुसऱ्या बॅटरीची तार जोडायची, दुसरी तार दाराच्या धातूच्या कडीला लावायची, आणि तेवढ्या विजेवर झाकण उघडायचे, अशी पद्धत आहे. मी ती त्या दिवशी भर पावसात मोबाइलच्या उजेडात मॅन्युअल वाचत शिकलो. तुम्ही ती घरी, दिवसाउजेडी, एकदा करून पाहा. त्याहून चांगले म्हणजे बॅटरीची पातळी राखणारा चार्जर घ्या आणि पार्किंगमध्ये सोसायटीची परवानगी घेऊन स्वतंत्र मीटरवर एक प्लग बसवून घ्या. आमच्या सोसायटीत या परवानगीला दोन सभा लागल्या, पण तेव्हापासून बॅटरीचा त्रास नाही.

उंदीरही याच दिवसांत गाडीत आसरा घेतात आणि वायरी कुरतडतात. आठवड्यातून एकदा मागचे झाकण उघडून टॉर्चने पाहावे, लेंड्या किंवा कापसाचे तुकडे दिसले तर त्याच दिवशी साफसफाई करून घ्यावी. पावसात भिजलेल्या गाडीवर लगेच आवरण घालू नये. पाणी साचणाऱ्या तळघरात गाडी ठेवणे भाग असेल, तर अंदाज पाहून ती आधीच उंच जागी न्यावी, आणि एवढे करूनही बुडाली तर काहीही झाले तरी ती सुरू करू नये. इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही, दट्ट्याचा दांडा मात्र वाकतो.

पेट्रोलचा मुद्दा आता सर्वांनाच भेडसावतो आहे. पोर्शे या इंजिनासाठी ९८ ऑक्टेनची शिफारस करते आणि ९५ चालवून घेते. माझ्या पिढीच्या गाड्या दहा टक्के इथेनॉलपर्यंतचा विचार करून बनवलेल्या आहेत, आणि पंपावरचे साधे पेट्रोल आता वीस टक्क्यांचे झाले आहे. इंडियन ऑइलने २०२० मध्ये आणलेले एक्सपी १०० हे १०० ऑक्टेनचे पेट्रोल मिळते तेथे मी तेच भरतो. ते महाग आहे, आणि सगळीकडे मिळत नाही. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत हवा कमी राहते.

गतिरोधकांबद्दल मला सर्वांत जास्त विचारणा होते. ९११ या प्रकारातल्या गाड्यांमध्ये बरीच व्यवहारी आहे, तरी पुढचे नाक लांब आहे. बंपरखाली काळ्या लवचीक प्लॅस्टिकची पट्टी असते, घासते ती बहुधा तीच, आणि ती घासण्यासाठीच आहे, स्वतंत्र बदलता येते. तिचा पहिला खरखरीत आवाज ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता. आता येत नाही. पण रंगवलेला भाग घासला तर ते दुखणे वेगळे. उंच गतिरोधक तिरके ओलांडावेत, म्हणजे एका वेळी एकच चाक चढते, मात्र तसे करताना आरशात पाहून मागच्या दुचाक्यांना आधी जाऊ द्यावे. पाहुण्यांच्या घरी किंवा नव्या हॉटेलात प्रथमच गाडी न्यायची असेल तेव्हा मी आदल्या दिवशी स्कूटरवरून जाऊन रस्ता, फाटकाचा चढ आणि पार्किंगचा उतार पाहून येतो. घरचे सुरुवातीला हसले, आता तेच विचारतात, "बघून आलास का?" आमच्याच सोसायटीच्या फाटकातला लोखंडी रूळ दोन इंच वर आलेला होता. तो मी स्वखर्चाने काढून सपाट करून घेतला, आणि त्याचा फायदा व्हीलचेअरवरून येणाऱ्या एका आजींनाही झाला.

पुढच्या बंपरमध्ये डाव्या-उजव्या बाजूंना जी मोठी तोंडे दिसतात, त्यांच्या आत रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर असतात. इंजिन मागे, पण थंडावा पुढे, ही गोष्ट अनेक नव्या मालकांच्या ध्यानातच येत नाही. रस्त्यावरची पाने, प्लॅस्टिकच्या पिशव्या, खडी हे सगळे त्या तोंडांतून आत जाते आणि जाळीच्या तळाशी साचते. पुण्यात मार्च-एप्रिलमध्ये पानगळ जोरात असते. गेल्या वर्षी मी व्हॅक्यूमची नळी आणि मऊ कुंचला घेऊन बसलो, तर दोन्ही बाजूंनी मिळून घमेलेभर ओलसर काळा पालापाचोळा निघाला. तो तसाच राहिला तर ओलाव्याने कंडेन्सरच्या पातळ पत्र्या गंजतात, आणि एके दिवशी एसीतला वायू निघून जातो. वर्षातून दोनदा हे काम करा. वरच्या बाजूला, काचेच्या खाली पाणी वाहून जाण्याची छिद्रे असतात, तीही याच वेळी मोकळी करा.

याच ओघात पूजेचे सांगतो. गाडी आणली त्या दिवशी आईने औक्षण केले, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, चाकांखाली लिंबे ठेवली. हे सगळे व्हावेच. फक्त कुंकू ओले करून थेट रंगावर लावले तर डाग राहू शकतो, म्हणून पारदर्शक संरक्षक फिल्म आधी बसवून घ्यावी किंवा संध्याकाळी ते ओल्या मऊ कापडाने अलगद टिपून घ्यावे. नारळ गाडीपासून चार पावले दूर फोडावा, कारण करवंटीचे तुकडे उडतात.

पीडीके गिअरपेटी वागायला स्वयंचलित असली, तरी आत तिला खरेखुरे दोन क्लच आहेत. सिग्नलच्या रांगेत इंचाइंचाने सरकताना ते अर्धवट पकडलेल्या अवस्थेत राहतात आणि तापतात. पुढच्या गाडीशी दोन गाड्यांचे अंतर पडू द्यावे, मग ब्रेक सोडून नीट पुढे जावे. चढावर गाडी ॲक्सिलरेटरने तोलून धरू नये, ब्रेकने धरावी. तुम्ही सोडलेल्या अंतरात दोन रिक्षा आणि चार दुचाक्या शिरतील. शिरू द्याव्यात.

आता चालवण्याविषयी. इंजिन मागच्या आसामागे ठेवायची ही रचना १९६३ पासून आजपर्यंत कायम आहे, आणि सुरुवातीच्या ९११ वळणात अचानक शेपूट फिरवतात अशी ख्याती होती. म्हणूनच १९६९च्या मॉडेलमध्ये कंपनीने पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर ५७ मिलिमीटरने वाढवले, आणि ९९१ मध्ये ते आधीच्या पिढीपेक्षा आणखी १०० मिलिमीटरने वाढले. गाडी आता फार शहाणी झाली आहे, तरी भौतिकशास्त्राचा नियम तोच आहे. वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला, की वजन पुढे झुकते, मागची चाके हलकी होतात, आणि मागे असलेले जड इंजिन बाहेर जायला पाहते. ताम्हिणी किंवा वरंध घाटात हे पाठच करावे लागते. वळण येण्याआधी, गाडी सरळ असतानाच ब्रेक लावून वेग उतरवा, गिअर खाली आणा, वळणात पाय स्थिर ठेवा आणि समोरचा रस्ता उघडा दिसल्यावरच सावकाश दाब वाढवा. तसे केले की मागचे वजन टायरना रस्त्यावर दाबते आणि गाडी वळणातून अशी बाहेर निघते, की पहिल्यांदा तो अनुभव आला तेव्हा मी पुढच्या मोकळ्या जागेत गाडी थांबवून पाच मिनिटे नुसता बसून राहिलो होतो. त्या वेळी काट्यावर पन्नाससुद्धा नव्हते.

घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहून इंजिनालाच गाडी रोखू द्यावी. ब्रेकचे द्रव हवेतला ओलावा शोषते, आणि ब्रेक तापले की त्या ओलाव्याची वाफ होऊन ब्रेकचे पेडल मऊ पडते. सह्याद्रीच्या दमट हवेत दर दोन वर्षांनी ते बदलण्याला पर्याय नाही, गाडी कितीही कमी चालली तरी. हे काम बऱ्याच मालकांकडून राहून जाते, म्हणून मी त्याची तारीख टायरच्या आकड्यांशेजारीच वहीत लिहिली आहे.

ही गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ताशी शंभर ओलांडते. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर सपाट भागात मर्यादा १०० ची आणि घाटात मोटारींना ६० ची आहे, जागोजागी कॅमेरे आहेत, म्हणजे गाडीच्या ताकदीचा एक लहानसा अंशच सार्वजनिक रस्त्यावर वापरता येतो. हे घेण्याआधी मान्य असले पाहिजे. दुचाकीवरची मुले एका हाताने मोबाइल धरून चित्रण करीत अगदी दाराला खेटून येतात. अशा वेळी वेग वाढवला तर तीही वाढवतात. मी डावीकडे घेतो, वेग कमी करतो आणि त्यांना पुढे जाऊ देतो. इंजिनाचा आवाज काढून दाखव म्हणून ती खुणा करतात, आणि मी नम्रपणे हात हलवून नाही म्हणतो.

किल्ली कोणाच्या हातात जाते, याबद्दल मी अत्यंत कठोर आहे. मे २०२४ मध्ये आमच्या पुण्यात, कल्याणीनगरमध्ये, पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्या घटनेनंतर या शहरात ही गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाकडे लोक वेगळ्या नजरेने पाहतात, आणि ती नजर मला समजते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. पण कायद्याच्या भीतीपर्यंत गोष्ट जाऊच नये. आमच्या घरी किल्ली कपाटाच्या कुलपात असते. भाच्यांना, मित्रांच्या मुलांना मी शेजारी बसवून हवे तितके फिरवतो. पार्किंगवाल्याच्या हाती किल्ली देत नाही, जागा मला स्वतःला लावू देत नसतील तर दुसरीकडे जेवतो. आणि मद्याचा एक घोट घेतला असेल तर त्या रात्री गाडी तिथेच राहते.

विम्याची पॉलिसी घेताना शून्य घसारा, इंजिन संरक्षण, टायरचे संरक्षण आणि संपूर्ण नुकसान झाल्यास बिलाची रक्कम मिळण्याची तरतूद, हे चारही जोड वाचून घ्या. त्यातच वापराच्या मर्यादा नावाचा एक परिच्छेद असतो, त्यात शर्यत आणि वेगाची चाचणी स्पष्टपणे वगळलेली असते. म्हणजे ट्रॅकवर गाडीला काही झाले तर खर्च आपला, हे समजून जायचे.

तरीही ट्रॅकवर जा, असेच मी सांगेन. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, कोइमतूरला करी मोटर स्पीडवेवर, किंवा ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर, जेथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वनची शर्यत झाली, तेथे जमेल तेव्हा एखाद्या प्रशिक्षण सत्रात नाव घाला. पहिल्या खेपेला शिक्षकाला शेजारी बसवा आणि पीएसएम बंद करू नका. मी आजही रस्त्यावर ते कधी बंद करत नाही. जाण्याआधी ब्रेकचे द्रव ताजे असल्याची आणि पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक असल्याची खात्री करा, डिकीतले सगळे सामान बाहेर काढा, तीन-चार फेऱ्यांनंतर एक फेरी ब्रेक जवळजवळ न लावता सावकाश मारा म्हणजे डिस्क थंड होतील, आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, परत आल्यावर तापलेल्या चाकांवर पार्किंग ब्रेक लावू नका. गिअर पी वर ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावा आणि टायरची हवा लगेच मोजून वहीत लिहा.